रांगेतला डबा

माणूस शहरात रुळतोच, हे मला सांगू नका. आमचे अण्णा न्हाई रुळले.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता, अन् त्यात दुष्काळ. निलंग्याकडच्या आमच्या गावातली विहीर आटली, तसं मी वडलांना पुण्याला आणलं अन् एका गोदामावर वाचमनची नोकरी लावून दिली. जायला सिटी बस. दोनदा उशीर झाला, तसा मुकादम म्हणला, "आता उशीर झाला तर येऊच नका."

दुसऱ्या दिवशी अण्णा तासभर आधीच स्टॉपवर गेले. रांगेत जेवणाचा डबा ठेवला अन् समोर झाडाखाली जाऊन बसले. गावात टँकरला असंच असतंय. घागर रांगेत ठेवायची अन् आपण सावलीला बसायचं. मागचा माणूस ती पुढं सरकवतो, पण तिचा नंबर कुणी घेत न्हाई.

बस आली. अण्णा येईपर्यंत माणसं डबा तुडवून चढली होती अन् बस भरली होती. अण्णा कंडक्टरला म्हणले, "माझा नंबर होता. डबा ठेवला होता मी."

"मग डब्यालाच पाठवा कामाला," असं म्हणून त्यानं घंटी मारली.

संध्याकाळी मी घरी आलो, तर अण्णा पिशवी भरून बसलेले. चेपलेला डबा मांडीवर.

"कुठं निघालात?"

"गावाकडं."

"अण्णा, तिथं प्यायला पाणी न्हाई."

"हाव, न्हाई. पण माझ्या घागरीला तिथं आजवर कुणी लाथ मारली न्हाई."