गरम तार, ओलं बोट

बावीस दिवस श्वासाच्या यंत्रावर काढलेल्या तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन अश्विनी पुण्याहून आळेफाट्याच्या एसटीत बसली होती. मागच्या बाकावर मेंढ्या राखणारे धर्माजी आपल्या इंजिनिअर मुलाला, गोरक्षला, विचारत होते.

"दिसभर करतो तरी काय रं तिथं?"

"केसाहून बारीक तार बनवतो, आबा. तापवून नळीत ठेवायची. हवा गेली की ती निवते. किती निवली, त्यावरून किती हवा गेली ते कळतं."

"कशाला लागतं?"

"तान्ह्या बाळांच्या यंत्राला. श्वास किती आला-गेला ते बघायला."

"आमी कोकराच्या नाकाशी ओलं बोट धरतो. गार लागलं, का जितं हाय."

"तेच की! तुमचं बोट ओलं, आमचं गरम."

"मंग एवढं शिकाया पुण्याला कशाला गेलास?"

"लई बारीक श्वास तारेलाबी कळत नव्हता, आबा. आठ महिने चाचण्या केल्या. आता कळतो."

अश्विनी मागे वळली.

"दादा, ही अशाच यंत्रावर होती."

धर्माजी पुढे वाकले. "आता कशी हाय, पोरी?"

"बरी आहे. घरी निघालोय. बाबा, घेता का जरा हिला?"

धर्माजींनी धोतराला हात पुसले.

"मेंढरांचा वास यील बरं."

"येऊ द्या."