वासाचा गुलाब

सांगलीहून इस्लामपूरला निघालेल्या एसटीत संयोगिताच्या मागच्या सीटवर गुलाबाच्या नादातले दोन म्हातारे बसले होते. रहिमतपूरचे लालासाहेब कुंडी मांडीवर घेऊन चिडले होते, आणि आष्ट्याचे गोमटेशअण्णा त्यांना समजावत होते.

"हे तिसरं रोप, अण्णा! गावठी म्हणून देत्यात, आन् फुलाला वासच न्हाई!"

"गावठी कोण ठेवतंय आता? लोक डच गुलाब मागत्यात. आठ दिवस टिकतो."

"टिकवून काय करू? साताऱ्यात वास मागितला, तर नर्सरीवाला मोबाइलवर फोटो दाखवाय लागला!"

"आवं, पर रंग बघा की, लय देखणा हाय."

"तुमच्याकडं हाय न्हवं गावठी?"

"विहिरीवर हाय. आईनं लावलेला. फांदी मी कुणालाच देत न्हाई."

"ऱ्हाऊ दे मग."

"एवढा वासाचा हट्ट कशाला? वहिनींना ह्यो रंग आवडंल."

"आमच्या मनुबाईला दोन वर्सं झाली, डोळ्यांनी दिसत न्हाई."

संयोगितानं मान वळवली नाही.

"आष्टा आलं. उतरा माझ्यासंगं."

"मला रहिमतपूरला जायचंय, अण्णा!"

"पुढच्या गाडीनं जावा. फांदी जगायला दोन महिनं लागतील. आज फुलं तरी न्या."