जहागीरदाराची तहान

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायचं इथे कुणाच्याच मनात नाही ते आमचे गुरांचे, कुत्र्यामांजरांचे डॉक्टर, त्यांच्या सौभाग्यवती, आणि आपापली जनावरं घरी कोंडून इथे निवांत बसलेल्या बंधुभगिनींनो,

संयोजकांनी मला बजावलंय, आजोबा, थोडक्यात बोला आणि कविता नको. कविता म्हणत नाही. पण तहानेवर बोलायचं आणि कविता आठवायची नाही, हे माझ्या पिढीला कसं जमावं? आमच्या शाळेत तहान लागायची ती चातकाला. तो आभाळाकडे चोच करून बसायचा आणि आम्ही बाकावर उभे राहून त्याच्या वतीने गळा काढायचो. खिडकीतून उन्हाची तिरीप यायची, तिच्यात खडूची धूळ तरंगायची... असो. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. सांगायचं इतकंच, की तहान ही फार सुंदर गोष्ट आहे असं मला उभं आयुष्य वाटत होतं. मग ती आमच्या कुत्र्याला लागली.

कुत्र्याचं नाव जहागीरदार. नाव का पडलं, ते त्याला आमच्या सोफ्यावर पसरलेलं पाहिलेल्यांना सांगायला नको. म्हातारपणी त्याला खाज सुटली. अंग ओरबाडून रक्त काढायचा. डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. खाज थांबली, आम्ही हुश्श केलं, आणि घरात पूर आला. सोफ्याखाली ओलं, देवघरासमोर ओलं, माझ्या चपलेत ओलं. फडकं पिळून पिळून माझ्या हातांची सालं निघाली. आणि हा गृहस्थ शेपूट हलवत बघतोय, जणू मी त्याच्या मनोरंजनासाठीच वाकलोय!

डॉक्टरांनी विचारलं, या गोळ्यांनी तहान वाढते, पाणी जास्त पितो का? मी छातीठोकपणे सांगितलं, नाही. भांडं सकाळी भरलेलं, दुपारी भरलेलं, संध्याकाळी काठोकाठ. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला रागच आला. माणसाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?

मग काय, डॉक्टर बिचारे दुसरीकडे शोधत बसले. मूत्राशय झालं, मणका झाला, रक्त तपासलं. कुठे काही सापडेना. इकडे घरात रोज कटकट. सूनबाई वाईट नाही हो, पण रांगतं बाळ घरात आणि फरशी ही अशी. ती एकदा शांतपणे म्हणाली, "बाबा, एक तर तो, नाही तर आम्ही माहेरी." चिरंजीव फडकं घेऊन फरशी पुसायला लागले. आमची ही म्हणाली, आता त्याचेही हालच आहेत, सोडवूया त्याला. आणि मी, ज्याला शाळेत हरणाच्या पाडसाच्या कवितेला रडू आवरलं नव्हतं, तो मी वैतागाच्या भरात हो म्हणून गेलो.

डॉक्टर घरी आले ते शेवटचं इंजेक्शन द्यायला. जहागीरदार उठून त्यांच्या पायाशी जाऊन बसला. डॉक्टरांनी बॅग उघडलीच नाही. म्हणाले, लघवीच्या तपासणीत मला एक गोष्ट सतावतेय. लघवी निव्वळ पाण्यासारखी आहे. हा पाणी पीत नाही, तर हे पाणी येतं कुठून? मग त्यांनी चहा मागितला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. मला मनातून संताप आला. इथे आमचा जीव कासावीस आणि यांना चहा सुचतोय.

जहागीरदार उठला, लपलप करत त्याने भांडं अर्धं केलं आणि आडवा झाला. ही दूध बघायला गेली, जाता जाता तांब्याने भांडं भरून आली. तो पुन्हा उठला, पुन्हा प्यायला. सूनबाई बाळाची बाटली धुवायला गेली, भांडं भरून आली. मग चिरंजीव. मग, काय सांगू, मी.

कारण आमच्या घरात हिचा एक नियम आहे. रिकाम्या किंवा अर्ध्या भांड्यासमोरून कोरड्या हाताने जायचं नाही. हा नियम आमच्या अंगात इतका मुरलाय की आपण भरतोय हे भरणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही. जो तो भरायचा, आणि भरलेलं भांडं बघून जो तो म्हणायचा, पीतच नाही!

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. माझ्यावर एवढं वैतागलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "आजोबा, तुमच्या घरात कुत्र्यापेक्षा माणसांचीच तपासणी करायला हवी होती."

ही घाईने म्हणाली, मग त्याचं पाणी तोडते. त्यावर ते असे कडाडले की बाळ जागं झालं. पाणी तोडायचं नाही, गोळीही मनाने बंद करायची नाही. गोळी हळूहळू कमी केली, मग एक दिवसाआड आणली. थोडी खाज परत आली, ती मलमावर भागते. पूर ओसरला. सूनबाई माहेरी गेली ती फक्त भाचीच्या बारशाला.

आणि आता, मंडळी, गोळीचं हे सगळं गणित अर्ध्यावर असताना डॉक्टर निवृत्त होतायत. ही काय रीत झाली? त्यांच्या जागी येणाऱ्या डॉक्टरबाई समोर बसल्या आहेत. बाई, हुशार आहात असं ऐकतो. एकच विनंती, आमच्यासारखी माणसं छातीठोकपणे काही सांगू लागली, की त्यांच्या घरी जाऊन एक कप चहा घ्या.

डॉक्टर, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत, ते मला एकाही कवितेत सापडलं नाही. संयोजकांचे आणि आपल्या सर्वांच्या सहनशीलतेचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाला टोचलं असेल, लांबण लागली असेल, तर म्हाताऱ्याला पदरात घ्या. आमची ही आज आली नाही, तिच्या वतीने क्षमा मागतो. जहागीरदार अजूनही चार घोट जास्तच पितो, म्हणून दोघांपैकी एकाला घरी थांबावं लागतं. तिने मला एवढ्याच वेळाची सुट्टी दिली होती. त्याला लघवीला बाहेर सोडायला दार उघडायची पुढची पाळी माझी आहे, तेव्हा मी निघतो.