मागाची लाईट

स्वरूपा : आप्पा, ते दुकानातनं येईस्तोवर ठरवा. तुम्ही सांगताय का मी सांगू?

सिद्राम : हळू बोल. भिंतीपलीकडं भावकू आपल्या मागावर कापड विणतोय.

स्वरूपा : माग चालू असताना भावकूकाकांच्या कानात ओरडलं तरी ऐकू येत न्हाय. बोला.

सिद्राम : तू ते सॉकेट जावईबापूंना दाखवलंस कशाला? मिक्सर बिघडला म्हणायचं आणि गप बसायचं.

स्वरूपा : मी दाखवलं? चटणी वाटताना ठिणगी उडाली, धूर झाला, घरभर जळकट वास. ते काय नाक बांधून आलेत व्हय? बघाय आले, सॉकेट काळं झालेलं बघितलं आणि म्हणाले, नवं आणतो, आत्ता बसवतो. मी न्हाय म्हणेस्तोवर गाडीला किक मारली.

सिद्राम : धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवाय बोलवायचं आणि त्येच्याकडनं बोर्ड दुरुस्त करून घ्यायचा! गल्लीत काय म्हणतील?

स्वरूपा : गल्लीचं मागनं बघू. ते आल्या आल्या घराचं मेन बंद करणार आणि वायरीला हात घालणार. आणि हे सॉकेट घराच्या मीटरवर न्हायच. मागाच्या मीटरवर हाय. घराचं मेन बंद केलं तरी ह्यात करंट ऱ्हातोय.

सिद्राम : मला शिकवतीस? वायर मीच वडलीया.

स्वरूपा : म्हणून तर तुम्ही सांगा. मागाची लाईट सरकारी सवलतीनं स्वस्त पडती, म्हणून भिंतीतनं एक वायर घरात घेतलीया, तवा दोन्ही मेन बंद करा. एवढंच सांगायचं. हसतील आणि सोडून देतील.

सिद्राम : दुसरं कायबी सांगतो. हे न्हाय.

स्वरूपा : का न्हाय?

सिद्राम : यल्लाप्पानं अशीच वायर वडलीती. तवा देवळात बैठक बसली. त्येला सगळ्यांपुढं उभा करून कुणी झाडला?

स्वरूपा : तुम्ही. पंच म्हणून.

सिद्राम : आणि त्या दिवशी तुला बघाय पावणं आलतं. ते बी देवळात येऊन बसलतं. नागराज म्होरंच बसलाता, मांडी घालून. मी काय काय बोललो, सगळं त्येनं ऐकलंय.

स्वरूपा : ते मला अजून सांगत्यात. थांबा. तवा आपली वायर होती काय?

सिद्राम : तवाचं आता कशाला काढतीस?

स्वरूपा : आप्पा?

सिद्राम : होती. आई गं, होती. यल्लाप्पाची बाहेरनं दिसत होती, आपली भिंतीतनं हाय. आता झालं समाधान?

स्वरूपा : अय्यो. यल्लाप्पाकाका रडलं होतं त्या दिवशी.

सिद्राम : मला म्हाईत हाय. म्हणून म्हणतो, जावयाला कळता कामा नये. बाप न्हाय त्येला. मला बापाच्या जागी मानतो. त्येच्या नजरंतनं उतरलो तर मी तुझ्या सासरी पाय कसा ठेवू?

स्वरूपा : मग त्यांना शॉक बसू दे म्हणता?

सिद्राम : कायतरी बोलू नको! मी आधीच जाऊन मागाचं मेन बंद करतो. त्यो घराचं करंल. दोन्ही बंद. त्येला कळायचं बी न्हाय.

स्वरूपा : आणि माग बंद पडल्यावर?

सिद्राम : लाईट गेली म्हणायचं. भावकूला बी तसंच वाटंल. लाईट गेली की मागवाला चहाला जातो, त्यो काय मेन बघत बसत न्हाय.

स्वरूपा : तरी भावकूकाकांना सांगून ठेवा, मेनला हात लावू नका म्हणून.

सिद्राम : त्येला सांगितलं की त्यो इचारणार, का? आणि केवढ्यानं इचारणार? जल्म सगळा मागाच्या आवाजात गेलाय त्येचा, कानात बोलायचं म्हटलं तरी पार तिकडं शहापुरात ऐकू जातंय. काय न्हाय, चहा पिऊन येईस्तोवर काम होतंय.

स्वरूपा : मला न्हाय पटत. मी सांगणार त्यांना.

सिद्राम : स्वरूपा, माझी आण हाय तुला.

स्वरूपा : आण कशाला घालताय, आप्पा!

सिद्राम : घातली. गाडी आली बघ. मी मागाकडं जातो. त्येनं इचारलं तर लाईट गेली म्हण. तू म्हण.

नागराज : आणलं! दुकानदार म्हणाला, हलकं घेऊ नका, मिक्सरला चांगलं लागतं. मामा कुठं गेले?

स्वरूपा : येत्यात. मागाकडं गेल्यात. अहो, ऱ्हाऊ दे की. वायरमन उद्या येतो म्हणालाय. आज तुम्ही पावणं.

नागराज : पाहुणा म्हणून हात बांधून बसू? तिकडं मच्छेत कंपनीत दिवसभर मशीन खोलतो, इथं एक सॉकेट जड झालं होय. आई कुठं आहेत?

स्वरूपा : शेजारच्या शालूबाईंच्याकडं गेलीया, त्यांच्या मिक्सरवर पुरण वाटाय.

नागराज : बघ, माझ्यामुळं सासूबाई दुसऱ्याच्या दारात. चल, घराचं मेन मी बंद केलं. स्क्रू ड्रायव्हर दे. अरे, माग थांबले?

स्वरूपा : लाईट गेली.

नागराज : आत्ताच? पण पलीकडच्या घरात आवाज येतोय की मागांचा.

स्वरूपा : त्यांचा फेज वेगळा हाय. आमच्या बाजूचीच जाती अधनंमधनं.

नागराज : बरं झालं मग, डबल सेफ, टेस्टर पण नको. आले मामा. मामा, बॅटरी धरता का जरा? आत अंधार आहे.

सिद्राम : द्या की. जावईबापू, पटपट करा हां. पानं वाढायची हैत. न्हायतर असं करू, ऱ्हाऊ दे. दुपारनं मीच बसवतो.

नागराज : तुम्ही बसा हो निवांत. स्वरूपा, हे स्क्रू तळहातावर धर, पाडू नको. बाप रे, जळून कोळसा झालाय. मामा, ह्याच्यावर लोड किती घेता?

सिद्राम : लोड कसला. मिक्सर, कधी इस्त्री. पाणी तापवाय हीटर.

नागराज : हीटर पण? बिल दणकून येत असेल.

सिद्राम : येतंय की. येतंय तसं भरायचं.

नागराज : हेच. हेच मी कंपनीत पोरांना सांगतो. एकानं खोलीमालकाच्या मीटरला हुक टाकला होता आणि सांगत होता हसत हसत. मी म्हणालो, आमच्या सासऱ्यांना भेट एकदा. भर देवळात उभं राहून सांगितलं त्यांनी, लाईट चोरणारा आणि ताटातला घास चोरणारा, दोघं सारखेच.

सिद्राम : जुनं झालं ते. कशाला काढायचं.

नागराज : जुनं कसलं. त्या दिवशी माझ्या आईनं पोरगी नीट बघितली पण नव्हती. तिथंच म्हणाली, हे घर करायचं. स्वरूपा, माझ्या आईनं तुला बघून नाही, मामांना बघून पसंत केलंय.

स्वरूपा : व्हय. म्हाईत हाय.

नागराज : अगं, गंमत केली. तोंड का पाडलंस? मामा, बॅटरी इकडं धरा. अंधार पडतोय.

सिद्राम : धरतो. जावईबापू, झालं का? भावकू चहा पिऊन यायचा आता.

नागराज : येऊ देत की. काका आले म्हणून काय होतंय? जुनं निघालं बघा. ही तांबडी वायर जरा सोलून घेतो, टोक जळलंय. नवीन जागेवर घट्ट बसायला पाहिजे...

स्वरूपा : आप्पा, भावकूकाकांचा आवाज आला काय दारात?

सिद्राम : जावईबापू, हात काढा. हात काढा जरा!

नागराज : एक मिनिट, वायर हातातच आहे...

(भिंतीपलीकडं माग सुरू होतात.)

स्वरूपा : अहो! आप्पा, मागाचं मेन! मागाचं मेन बंद करा, पळा!

सिद्राम : भावकू! ए भावकू! पाड ते मेन! पाड आधी!

स्वरूपा : अहो, माझ्याकडं बघा. बघा की हो. बोला कायतरी. पाणी देऊ? आप्पा, लवकर या!

नागराज : आहे. आहे मी. फेकला गेलो म्हणून... थांब, उठवू नको लगेच.

स्वरूपा : बोटं बघू. अय्यो, बोटं काळी झाल्यात. छातीत दुखतंय? दवाखान्यात जाऊया.

नागराज : हात बधिर झालाय. डोकं भिंतीला लागलं. पाणी दे.

सिद्राम : त्या भावकूला आज उभा चिरतो मी! चहाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं लाईट हाय, आला आणि चढवलं मेन. इचारायचं न्हाय, बघायचं न्हाय. अक्कल म्हणून न्हाय त्येला!

नागराज : मामा, ओरडू नका. भावकूकाकांनी काय केलं? माग बंद दिसले, त्यांनी मागांचं मेन चालू केलं. ते त्यांचं कामच आहे.

सिद्राम : तरी बी...

नागराज : मला एवढंच कळत नाही, मागाची लाईट इथं कशी आली?

स्वरूपा : अहो, आधी दवाखान्यात जाऊया. मग बोला.

नागराज : जाऊया. आधी सांग. मी पडलो तेव्हा तू काय ओरडलीस? घराचं मेन नाही म्हणालीस. मागाचं म्हणालीस.

स्वरूपा : पाणी प्या आधी.

नागराज : लाईट गेलीच नव्हती.

स्वरूपा : न्हवती.

नागराज : फेज वेगळा, ते पण?

स्वरूपा : ते बी खोटं. तुम्ही मला काय बी बोला, मारा, पण असं शांतपणानं इचारू नका.

सिद्राम : तिला कशाला धरताय? मी आण घातलीती तिला. माझ्या जिवाची आण. वायर माझी, खोटं माझं. ती तर मघाधरनं माझ्या मागं लागलीया, सांगा म्हणून. मलाच तोंड उघडवंना.

नागराज : का, मामा?

सिद्राम : लाज वाटली हो. दुसरं काय? देवळात मी बोललेलं तुम्ही डोक्यावर घेऊन नाचताय, मच्छेपतुर सांगताय, आणि त्याच वेळी माझ्या भिंतीत ही वायर होती. यल्लाप्पाला रडवला मी, आणि घरी येऊन ह्याच सॉकेटवर पाणी तापवून आंघोळ केली. हे जावयाला कुठल्या तोंडानं सांगू? आत्ता बी सांगवंना. जमीन फाटावी आणि आत जावं असं झालंय.

नागराज : वायर ओढली, ओढली. माझ्या मनातनं तुम्ही तेवढ्यानं उतरला नसता. थोडं हसलो असतो. चिडवलं असतं तुम्हाला दोन वर्षं.

सिद्राम : मग झालं की. सोडा आता. मी यल्लाप्पाच्या घरी जाऊन पाय धरतो त्येचं. आजच जातो.

नागराज : ते तुमचं तुम्ही बघा. मी वायरीचं बोलत नाही, मामा. मी वायर हातात धरली तेव्हा तुम्ही बॅटरी धरून उभे होता. माझ्या हातावर उजेड पाडत होता. हिच्या हातात स्क्रू होते. तुम्हा दोघांना माहीत होतं आणि मला एकट्याला नव्हतं. मी आपला देवळातली गोष्ट सांगतोय रंगवून.

स्वरूपा : अहो...

नागराज : एवढ्यासाठी मी मेलो असतो तर माझ्या आईला काय सांगितलं असतं तुम्ही? तेव्हा पण लाईट गेली होती म्हणूनच सांगितलं असतं?

सिद्राम : असं नका म्हणू. पाया पडतो तुमच्या.

नागराज : उठा. मामा, उठा आधी. सासऱ्यानं पाया पडायचं नसतं. स्वरूपा, उठव त्यांना.

स्वरूपा : आप्पा, उठा. बसा इथं. रडू नका, मला बघवत न्हाय. अहो, बोटांना खोबरेल तेल लावते. जरा हात द्या की माझ्याकडं.

नागराज : राहू दे. मी लावतो.

सिद्राम : ती वायर मी आत्ता तोडून टाकतो. कोयत्यानं तोडतो.

नागराज : आता कोयता घेऊन तुम्ही मरताय? गप बसा. बोर्ड उघडा आहे, वायरी लोंबताहेत, आई पुरण घेऊन येतील आणि चुकून हात लावतील. सॉकेट बसवून देतो, मग दवाखाना. नंतर वायरमन बोलवून लाईन घराच्या मीटरवर घ्या.

सिद्राम : तुम्ही नका आता हात लावू. त्या हातानं कसं बसवणार?

नागराज : दुसरा हात आहे. स्वरूपा, जा. दोन्ही मेन बंद कर.

स्वरूपा : जाते. (जाऊन परत येते.) झालं. दोन्ही बंद हैत. भावकूकाकांना सगळं सांगितलं, मेनच्या म्होरं उभं केलंय. ते रडाय लागल्यात, म्हणत्यात मला कुणी सांगितलंच न्हाय. आता कोण हात लावत न्हाय. मी माझ्या हातानं बंद केलंय, दोनदा बघितलं.

सिद्राम : व्हय, आता बंद हाय. मी सांगतो न्हवं.

नागराज : शालूबाईंच्याकडं टेस्टर असेल काय?

स्वरूपा : अहो, मी सांगतीया की. तुमच्या गळ्याची शपथ, बंद हाय.

नागराज : ऐकलं गं. जा, टेस्टर घेऊन ये.