ओल्या लाकडाचा चीक

आमचं गाव पेठच्या वर, डोंगरात. तिथं भात निघालं की मानसं खाली उतरायची, आम्हीबी उतरायचो, मी परकरात होते तवापासून, कधी द्राक्षाच्या बागेत, कधी कांदे लावायला, आज पिंपळगाव तर उद्या लासलगाव, पाल टाकायचं नि पाल उचलायचं. शाळेचं म्हनाल तर तीन गावच्या तीन शाळा पाहिल्या, पन एकाबी शाळेत बाईंना माझं नाव पाठ व्हायच्या आत आमचं पाल उठायचं. हसू नका, खरं सांगते. लग्न झालं तरी तेच, फक्त पाल सासरचं.

मग यमुना झाली, माझी पोरगी, नि यमुनेच्या बापाला नाशकात एका लाकडाच्या वखारीत काम लागलं. आधी ओंडके उचलायचा, मग मशीनवर उभा राहिला, मग मिस्त्री झाला. वखारीच्या मागं पत्र्याची खोली मिळाली. मी भुसा भरायची, गोन्या शिवायची. यमुनेला जवळच्या शाळेत घातलं, पहिली झाली, दुसरी झाली, काय सांगू तुम्हाला, एकाच शाळेत दोन इयत्ता! आमच्या घरान्यात हे कोनी केलं नव्हतं.

आता मशीन कसं ते सांगते, तुम्ही पाहिलं नसंल. खाली एक मोठं चाक, वर एक मोठं चाक, नि दोन्हीवरून पोलादाचा पट्टा फिरतो, त्याला एका अंगाला दात. लाकूड त्याच्याकडं ढकलायचं. वाळलेलं लाकूड बरं, सुरसुर कापतं. पन तवा टमाट्याच्या पेट्या लाकडाच्याच असायच्या, नि टमाटा थांबतो व्हय लाकूड वाळायला? मग आज पाडलेलं आंब्याचं झाड उद्या मशीनवर. त्या ओल्या आंब्याचा चीक पट्ट्याला धरायचा, चिकावर भुसा बसायचा, तो तापून काळा थर व्हायचा, करपलेलं पिठलं कढईला बसतं तसा. मग पट्टा जड चालतो, तापतो, फळी वाकडी निघते, नि शेवटी फाडकन तुटतो. एका महिन्यात तीन तुटले. तो आवाज झाला की मी गोनी टाकून पळायची, यमुनेच्या बापाचे दोन्ही हात दिसले की मगच माझा जीव भांड्यात पडायचा.

वखारीचा शेठ मानूस वाईट नव्हता. चहा पाजूनच म्हनला, काशिनाथ, अजून एक पट्टा तुटला तर मला दुसरा मिस्त्री बघावा लागंल, नि मग खोलीबी त्यालाच द्यावी लागंल. झालं. खोली गेली म्हंजे पुन्हा पाल, नि यमुनेची तिसरी कुठल्या गावात? मला दुसरं काय सुचंना, भाकरी थापतानाबी तेच.

आता माझी हुशारी ऐका. आमच्याकडं फणस कापायचा तर आधी विळीला नि हाताला तेल चोपडतात, मग चीक चिकटत नाय, हे लेकरालाबी ठाऊक. मी म्हनलं, चीक तो चीक, फणसाचा काय नि आंब्याचा काय. यमुनेचा बाप चहाला गेलेला, मशीन बंद, मी घरातलं गोडंतेल आनलं नि पट्ट्याला चोपडलं, भरभरून, पार चाकापर्यंत. मनात म्हनलं, आता बघा गंमत. त्यानं येऊन बटन दाबलं, ओंडका लावला, नि पट्टा चाकावरून सटकला, तो जाऊन भिंतीला लागला, त्याच्या कानापासून हातभर अंतरावरून. कोनाला लागलं नाय, पट्टाबी तुटला नाय, देवाचीच कृपा. त्यानं चाकावर बोट फिरवलं, वास घेतला, माझ्याकडं पाहिलं, म्हनला, यमुनेची आई, ह्याची भाजी करायची व्हती का? ओरडला असता तर बरं झालं असतं. मी रडायलाच लागले. तवा तो म्हनला, तुझं समदंच चुकलं नाय, ओलावा पायजे हे बरोबर, पन टिपूसभर पायजे, नि तो सारखा पायजे.

पन टिपूस टिपूस दिवसभर टाकनार कोन? फिरत्या पट्ट्याजवळ हात न्यायचा नाय.

त्याच आठवड्यात मला उलट्या-जुलाब झाले, दवाखान्यात सलाईन लावली. पडल्या पडल्या वर बघते तर थेंब, थेंब, थेंब. सिस्टर आली, नळीवरचं बारकं चाक फिरवलं, थेंब हळू झाला. मी ताडकन उठून बसले. सिस्टर म्हनली, अहो मावशी झोपा, सुई निघंल. मी म्हनलं, ताई, ही बाटली संपली की मला देता का? तिला वाटलं ताप डोक्यात गेला. पन सुई काढून, धुवून दिली बिचारीनं.

ती बाटली आम्ही मशीनवर खिळ्याला टांगली, दुसरी मागून मिळवली, पट्ट्याच्या दोन्ही अंगांना एकेक नळी. आत पानी नि किसलेला कपड्याचा साबन. पहिल्या दिवशी साबन लय झाला, मशीनला नुसता फेस, मग कमी केला. लय ओला आंबा असंल तर थेंब जलद, नायतर हळू. नि दोन-तीन ओंडके झाले की मशीन पुरतं थांबवून रॉकेलच्या फडक्यानं पट्टा पुसायचा, चीक ओला आहे तवाच, वाळला की छिन्नीलाबी ऐकत नाय. संध्याकाळी कोरडा करून डिझेलचा पातळ हात, नायतर पान्यानं गंजतो. यमुनेच्या बापानं ओल्या लाकडासाठी दातबी जरा जास्त फाकवले, म्हंजे काप रुंद पडतो नि पट्टा अडकत नाय, ते काम त्याचं, त्यात मी बोलत नाय.

शेठ आला, म्हनला, हे काय दवाखान्याचं सोंग? मग थांबलेल्या पट्ट्यावर बोट फिरवलं. लखलखीत. चहा सांगितला, नि ह्या खेपेला माझ्यासाठीबी. टमाट्याचा हंगाम सरला, एक पट्टा तुटला नाय. शेजारच्या वखारीवाले येऊन चिडवायचे, काशिनाथ, तुझ्या मशीनला दवाखान्यातनं घरी कधी सोडनार? नि जाताना गुपचूप बाटल्या कशा बांधल्या ते बघून जायचे.

आता प्लास्टिकच्या पेट्या आल्या, लाकडाची पेटी कोनी विचारत नाय. मला वाटलं संपलं आपलं, पन लोकांना दारं-चौकटी लागतातच. मशीन तेच, यमुनेचा बाप तोच, नि अजूनबी मी बाटल्या बघून हूं म्हनल्याशिवाय तो बटन दाबत नाय.

यमुना कालेजात गेली. परवा फारम भरत बसली होती, म्हनली, आई, इथं आधीचा पत्ता विचारलाय, काय लिहू? मी म्हनलं, आधीचा कुठला गं, तुझा हाच. तिनं तिथं आडवी रेघ मारली. त्या रेघेकडं मी किती वेळ बघत होते. तुम्ही आमचं एवढं ऐकलंत, तुमच्या लेकराबाळांच्या फारमावरबी देव अशीच रेघ मारो.