हातच लावला नाही

दवाखान्यातल्या टीव्हीवर नवी निवेदिका बातम्या देत होती. सकाळी तिला तयार करून आलेली मेकअपवाली बाकावर नंबरची वाट बघत बसली होती. शेजारी दोघी जावा बोलत होत्या.

“बघा ताई, अगदी आपल्यासारखी काळी.”

“एरवी आपल्यातलं माणूस टीव्हीवर दिसायचं ते चोर म्हणून, नाहीतर मोलकरीण म्हणून.”

“आधीचीला केवढी पांढरी फासायचे. मान मात्र काळीच.”

“आमची पोर हिला बघायला लागल्यापासून तोंडाला पावडर लावत नाही.”

“हिला मेकअपवालीनं हातच लावलेला नाही.”

“भलं होवो बाई तिचं.”

“उजळ कर” म्हणणाऱ्या साहेबाकडे काणाडोळा करून तासभर कालवलेला निवेदिकेच्या कांतीचा रंग मेकअपवालीच्या नखांत अजून होता. हसू दाबत तिनं मूठ मिटली.