गाडी नेमकी कुणामुळे बसते

...आणि वर तो सेल्समन हसून म्हणतो काय, "सर, नुसतं बसून तर बघा!" अहो, बसून काय बघा? मी आयुष्यभर बसूनच बघतोय! छापखान्यात प्रुफं तपासतो मी, सकाळी खुर्चीत बसतो तो संध्याकाळी उठतो, बसण्यात माझा हात... म्हणजे हात नव्हे, जे काय असेल ते, कुणी धरू शकत नाही! पण मोटरसायकलवर बसणं वेगळं. खुर्ची कशी, आपण बसलो की गप्प राहते. मोटरसायकल बोलते हो! मी पहिल्यांदा बसलो ना, तेव्हा तिनं जे काय "कुंईंई" केलंय, सगळ्या शोरूमनं माना वळवून बघितलं, कुणाचं कुत्रं चेंगरलं म्हणून!

आता तुम्ही म्हणाल, या वयात, या देहाला, हे सुचलंच कसं? तुम्हाला सांगतो, मला नाही सुचलं. मला चालवता कुठे येत होती? तर झालं असं, की आमची मुलगी शिकायला हॉस्टेलवर गेली आणि घरात उरलो आम्ही दोघं. एके दिवशी बसस्टॉपवर उभे होतो, मी आणि आमची ही. समोरून एक जोडपं गेलं मोटरसायकलवरून, ती मागे बसलेली, त्याच्या खांद्यावर हात, हसत काहीतरी सांगत होती त्याच्या कानात. हिनं ती गाडी वळणाआड जाईपर्यंत बघितली आणि मग एवढंच म्हणाली, "आपण कधी असे गेलोच नाही, नाही हो?" बस्स. रागानं नाही, रडून नाही, दूध संपलंय हे सांगावं तसं. माझ्या काळजात चर्र झालं हो! ही बाई भांडली असती तर मी भांडलो असतो, पण असं बोलल्यावर माणूस काय करणार? म्हटलं, अगं, आपण जाऊ ना, तळ्यावर जाऊ, मोटरसायकलवरून जाऊ! तोंडातून गेलं एकदा.

बरं, घेणं म्हणजे एकट्यानं जाऊन घेऊन यावं की नाही? नाही! मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. याला जगातलं सगळं कळतं. आपल्याला शिंक आली तरी ती कशी द्यायची हे तो सांगणार. म्हणाला, "भाऊजी, तुमच्या देहाला साधी गाडी चालणारच नाही. मोठा माणूस, मोठी गाडी! सरळ हिशोब!" आणि त्यानं मला उभं केलं एका अशा धुडापुढे, की ते मोटरसायकल आहे की रस्ता दाबायचा रूळ, मला कळेना. सेल्समन लगेच हजर. "सर, बसून तर बघा!"

बसलो. बसेपर्यंत ठीक होतं, ती स्टँडवर होती. मेहुणा म्हणतो, "आता सरळ करा." सरळ केली. आणि मग ती, तुम्हाला सांगतो, दुसऱ्या बाजूला निघाली... हळूहळू... अगदी सावकाश... मी पाय लावला, ती थांबेना, मी "अरे अरे अरे" म्हणतोय, सेल्समन "सर सर सर" म्हणतोय, मेहुणा "ब्रेक ब्रेक" म्हणून ओरडतोय... अरे मूर्खा, उभ्या गाडीला ब्रेक लावून काय होणार! शेवटी आम्ही दोघं, मी आणि गाडी, मेहुण्याच्या अंगावर टेकलो. पडलो नाही हं. टेकलो. त्याची त्यानंतर दोन मिनिटं मोठ्या गाडीबद्दलची मतं बंद होती, हाच काय तो फायदा.

मग दुसरी दाखवली. ती पोरांची असते ना, पुढे वाकलेली, तिच्यावर बसलो की आपणही वाकायचं. वाकलो! पोट टाकीवर, छाती पोटावर, हनुवटी हँडलवर, श्वास कुठून घ्यायचा? सेल्समन विचारतो, "सर, कसं वाटतंय?" मी उत्तर देईपर्यंत मला दोघांनी धरून उभं केलं होतं. तिसरी म्हणे हलकी, शिकणाऱ्याला एकदम सोपी. तिच्यावर बसलो तर गुडघे हँडलच्या वर, हँडल वळवलं की गुडघ्याने हॉर्न वाजायचा! डावीकडे वळा... पॉंऽऽ! उजवीकडे वळा... पॉंऽऽ! आणि समोरच्या आरशात बघतो तर काय, गाडी दिसेचना! नुसता मी, हवेत बसलोय, हात पुढे करून. सेल्समन म्हणाला, "सर, शोभताय!" कुणाला शोभतोय? गाडी आहे कुठे?

आणि हे सगळं चाललेलं असताना आमची ही बाजूच्या सोफ्यावर पर्स मांडीवर घेऊन शांत बसून. मी दर गाडीवरून उतरलो की तिच्याकडे बघायचो, ती मान हलवायची, नाही. म्हटलं, आज जर यातली एकही जमली नाही, तर ही परत कधी तो विषय काढणार नाही, आणि मलाही काढू देणार नाही. मी हिला ओळखतो ना!

मग कोपऱ्यात एक दिसली. साधी. ना धूड, ना पोरकट. सीट उंच, सरळ, मागे मोकळी जागा, आणि वजनाला फार नाही. मेहुणा म्हणाला, "ही? ही तर दूधवाला नेईल अशी आहे!" आणि पहिल्यांदाच, सेल्समन काही म्हणायच्या आत आमची ही उठली आणि म्हणाली, "अहो, बसून तर बघा." बसलो. दोन्ही पाय जमिनीला सपाट! गुडघे गुडघ्यांच्या जागी, पोट पोटाच्या जागी! स्टँडवरून सरळ केली, झाली! कुणाच्या अंगावर टेकलो नाही! आरशात बघितलं, मी पण दिसतोय, गाडी पण दिसतेय. इतका आनंद झाला मला, की मी तिथल्या तिथे तोंडाने "ढुर्रर्र" केलं. चारचौघांत!

आणि इथे, बघा हं, इथे घोळ झाला. सेल्समन म्हणतो, "सर, मागचे शॉकअप दोघांच्या वजनाप्रमाणे कडक करून देतो. तुमचं वजन?" मी ताठ मानेनं सांगितलं, एकशे अठरा! लपवायचं काय त्यात, समोर दिसतंय. मग तो वळला हिच्याकडे. "वहिनी, तुमचं?"

पलीकडे एकजण बिलावर सही करत होता, त्याचं पेन थांबलं.

"पंचावन्न," ही म्हणाली.

पंचावन्न! अहो, पंचावन्न हा आमच्या साखरपुड्याचा आकडा! लग्नापर्यंतसुद्धा तो टिकला नव्हता! मेहुण्याला असा ठसका लागला, की त्याला पाणी द्यावं लागलं. मी... दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा धंदा, एक वेलांटी चुकली तर मला रात्री झोप येत नाही, आणि माझ्यासमोर एवढी धडधडीत चूक, जिवंत, पर्स घेऊन उभी! काय करू? हिनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. पंखा छान होता.

गाडी शिकलो. कसा शिकलो ते विचारू नका, मेहुणा शिकवत होता, मैदानात, "क्लच सोडा! हळू! अहो, हळू म्हणजे सोडू नका असं नाही!" पण शिकलो. लायसन्स आलं. आणि मग तो रविवार. ही नवी साडी नेसून आली, केसात क्लिप, आणि माझ्या मागे बसली. खांद्यावर हात ठेवला. तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत मला असं कधी वाटलं नव्हतं, मी अगदी हिरो झालो होतो, रस्त्यावरच्या कुत्र्यांनासुद्धा मी मान दिला!

आणि आला स्पीडब्रेकर. धाड्! नुसतं धाड् नाही, धाड् आणि मग खर्रर्रर्र! मागचं चाक मडगार्डला घासलं! पानाच्या... नाही, किराण्याच्या दुकानातून एकजण ओरडला, "ओ काका, गाडी बसली तुमची!" सगळे हसले. पुढचा स्पीडब्रेकर, धाड्, खर्रर्र! ही उतरली. रस्त्याच्या कडेला उभी राहिली, लालबुंद. म्हणाली, "राहू दे. मी नाही बसणार परत. आपल्यासाठी नसतात या गोष्टी." आणि रिक्षा केली. मी मागून मोटरसायकलवर, ती पुढे रिक्षात! असा गेला आमचा रविवार.

दुसऱ्या दिवशी मी हिला हातापाया पडून गॅरेजवर नेलं. मेकॅनिक म्हणजे आवाजाचा खणखणीत, त्याला हळू बोलताच येत नाही, दिवसभर इंजिनांशी बोलतो ना! त्यानं मागे वाकून बघितलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "शॉकअप ठीक आहेत! वजन चुकीचं सांगितलंय! कोण खोटं बोललं?"

तिथे चारपाच गिऱ्हाइकं उभी. सगळ्यांनी बघितलं कुणाकडे? माझ्याकडे! साहजिकच आहे, मी असताना दुसरीकडे कोण बघेल? आणि ही, हिची नजर जमिनीवर, पर्सचा पट्टा गुंडाळतेय, उलगडतेय. मला दिसत होतं हो! एक शब्द बोललो असतो तर मी सुटलो असतो. पण मग ही त्या सीटवर जन्मात बसली नसती. मी पुढे झालो आणि म्हटलं, "मीच. मीच बाराएक किलो कमी सांगितलं."

गॅरेज हसलं! एक तर हसता हसता टायरवर बसला. आणि आमची ही, बघा हं, आमची ही पदर सावरून काय म्हणते? "तरी मी यांना सांगत होते, खरं सांगा म्हणून!"

मेकॅनिकनं पान्याने कडाकड आवळले शॉकअप. म्हणाला, "वहिनी, आता बसून तर बघा." बसली. निघालो. स्पीडब्रेकर आला, माझा जीव मुठीत... आणि गाडी गेली! नुसती झुलली आणि गेली! तिनं खांद्यावरचा हात घट्ट केला. दुसरा आला, तोही गेला, तिसरा जरा मोठा होता, तिथे किंचित, अगदी किंचित, खर्र झालं. तर मागून कानात हळूच, हसत, "अहो... बारा नव्हते. चौदा होते."

तळं छान आहे. दर रविवारी जातो आम्ही. पण एक झालंय, गॅरेजवाल्यासमोर मी कबूल केलेलं ना, ते हिनं सोयीनं खरं धरलंय. रोज पहाटे दारात माझे बूट तयार! "उठा, चौदा किलो उतरवायचेत!" दोन महिने झाले, मी एकटा गोलगोल चालतोय, ही बाल्कनीतून लक्ष ठेवतेय, आणि दर आठवड्याला काट्यावर उभा करून विचारते, "अजून कसे उतरत नाहीत हो?"

अगं, उतरतील कसे? माझे असतील तर ना!